अंबिका गोव्याला गेलीच नव्हती

मी पुस्तकं वाचणारी बाई नव्हे. माझं आयुष्य मैदानात गेलं. भाईंदर पूर्वेच्या एका मराठी शाळेत मी पीटीची बाई होते आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून उभी राहायचे. आवाज मोठा, शिट्टी त्याहून मोठी. कादंबरी म्हणाल तर कॉलेजात परीक्षेपुरती एक वाचली, तीही अर्धी. त्यामुळे पन्नाशी ओलांडल्यावर मला अल्झायमर झाला आणि त्या आजारात मला सगळ्यात जास्त आधार एका कादंबरीचा झाला, असं सांगितलं की माझ्या शाळेतल्या मैत्रिणी हसतात. हसू देत. मलाही ते अजून पटलेलं नाही.

हे मी सकाळी लिहिते. सकाळी डोकं ताजं असतं, दुपारनंतर शब्द हातातून निसटायला लागतात. माझी मुलगी गौरी संध्याकाळी ऑफिसमधून आली की ते वाचते आणि म्हणते, "आई, हा परिच्छेद दोनदा आलाय." मग त्यातला कुठला ठेवायचा यावर आम्ही भांडतो. ज्यांच्या घरात हा आजार नुकताच आलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. यात औषधांची नावं नाहीत. ती तुमचे डॉक्टर सांगतील.

*

सुरुवात एका सामन्यात झाली. शाळेतल्याच मुलींचा सामना, रोजच्या ओळखीच्या मुली. चढाई संपली, मी शिट्टी मारली, हात वर केला आणि पुढे मला कळेना की गुण कुणाला द्यायचा. चढाई लाल संघाची होती की निळ्या, तेच पुसलं गेलं होतं. सगळ्या मुली माझ्याकडे बघत उभ्या. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले आणि कुणीतरी "बाई, लाल, लाल" म्हणेपर्यंत वाकलेलीच राहिले.

मग एक दिवस गोडदेवच्या नाक्यावर स्कूटर थांबवून मी उभी राहिले. त्या नाक्यावरून मी वर्षानुवर्षं घरी आलेय. पण त्या दिवशी तिथले सगळे रस्ते मला सारखेच अनोळखी वाटले. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला, "मॅडम, जाना किधर है?" मी म्हटलं, "वही सोच रही हूं." तो हसला. मीही हसले. घरी मात्र रस्ता विचारत विचारत आले.

सगळ्यांनी आधी ते पाळी जाण्यावर ढकललं. मग थायरॉइड झालं, व्हिटॅमिनची इंजेक्शनं झाली, झोपेच्या गोळ्या झाल्या. पन्नाशीच्या धडधाकट बाईला हा म्हातारपणाचा आजार होऊ शकतो हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

शेवटी मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिने मला काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. मी काढलेल्या घड्याळात सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने बसले होते. मी म्हटलं, "हे दुपारपर्यंतच चालतं वाटतं." ती हसली नाही, पण तिने माझ्याकडे जरा नीट बघितलं. मग विचारलं, "आज वार कोणता?" मला आला नाही. माझा नवरा प्रदीप शेजारी बसला होता. तो बोटांवर काहीतरी मोजत होता, त्यालाही येईना. त्यावर मात्र ती हसली.

तपासण्या झाल्या, ते खडखड करणारं बोगद्यासारखं मशीन झालं, कण्यातून पाणी काढून झालं. मग एका दुपारी तिने आम्हाला समोर बसवून आजाराचं नाव सांगितलं. आवाज न वाढवता, न पाडता. "हा आजार जाणार नाही," ती म्हणाली. "औषधांनी थोडा सावकाश चालेल. पण उद्यापासून सगळं बंद, असंही समजू नका. जे जमतंय ते करत राहा आणि घरात एकमेकांशी बोलत राहा."

रिक्षात प्रदीप रिपोर्टची फाइल नुसती उघडत-मिटत बसला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. बंद पडलेलं काहीही समोर आलं की त्याचे हात चालू होतात, इथे मात्र त्याला हात घालायला जागाच नव्हती. सिल्व्हर पार्कजवळ मी रिक्षा थांबवली आणि म्हटलं, "मला शेवपुरी खायचीय." खाल्ली. चांगली होती. दुसरी रिक्षा पकडून घरापर्यंत आलो आणि लक्षात आलं की माझे सगळे रिपोर्ट प्रदीप शेवपुरीवाल्याच्या बाकड्यावर ठेवून आलाय. मी म्हटलं, "आता सांग, आजार कुणाला झालाय?" तो फुटपाथवर उभा राहून हसायला लागला आणि हसता हसता रडला. आम्ही तसेच परत गेलो. शेवपुरीवाल्याने फाइल पुसून, वर पेपर झाकून ठेवली होती.

*

शाळा सोडली. स्कूटरची किल्ली प्रदीपने मागून घेतली, तेव्हा मी त्याच्याशी बोलणं टाकलं. लग्नाआधी तो क्लबातून कबड्डी खेळायचा आणि एका सामन्यात मी त्याला बाद दिलं होतं, तेव्हा तो असाच रुसला होता. त्याची आठवण त्याने मला करून दिली, मग रुसवा संपला.

वाईट होतं ते रिकामपण. हॉस्पिटलातून माहितीपत्रकं मिळाली होती. त्यात सगळीकडे "रुग्ण" होता. रुग्ण रस्ता विसरतो, रुग्ण चिडतो, रुग्णाला संशय येतो. वाचून मला वाटायचं की मी गेलेच आहे आणि माझ्या जागी हा रुग्ण नावाचा कुणी माणूस येऊन राहिलाय.

अशात फिलू आली. फिलोमिना, उत्तनची, आमच्या शाळेत चित्रकला शिकवते. ती घरच्या केळ्यांचा फणा आणि मीरा रोडच्या पुस्तक प्रदर्शनातून घेतलेली एक कादंबरी घेऊन आली. "तुझ्याच आजाराची हाय," ती म्हणाली. "द्यावी का न्हाय, लय विचार केला. शेवटी म्हटलं, बाई पंच हाय, तिचं तीच ठरवंल."

गौरीने ते पुस्तक टेबलावर बघितलं, मागचा मजकूर वाचला आणि म्हणाली, "हे कशाला हवंय घरात?" ती आत निघून गेली. कानात हेडफोन घातले.

कादंबरी कोल्हापुरातल्या एका बाईची होती. अंबिका तिचं नाव, वय माझ्यापेक्षा थोडं कमी, स्टँडजवळ खानावळ चालवणारी. कुणाला तिखट चालतं, कुणाला भात नको, सगळं तिच्या तोंडपाठ. आणि मग ती चुकायला लागते. मधुमेहाच्या म्हाताऱ्याला बासुंदी वाढते, उपासाच्या माणसाला अंडाकरी. जेवायला येणारे लोक काही बोलत नाहीत. ती आत वळली की गुपचूप आपापसात ताटं बदलून घेतात.

एवढं मी स्वतः वाचलं आणि पुस्तक छातीवर ठेवून पडून राहिले. अंबिका रुग्ण नव्हती. ती भाजीवाल्याशी घासाघीस करत होती, सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होती आणि विसरत होती. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, की विसरताना बाकीचं माणूस चालूच असतं.

पण पुढे वाचणं जमेना. चार पानं पुढे गेले की मागची चार पुसलेली. तेव्हा प्रदीप म्हणाला, "आण इकडे, मी वाचतो."

*

तो संध्याकाळच्या चहानंतर वाचायचा. लिफ्टमधल्या सूचना वाचाव्यात तसं, एका सुरात, स्वल्पविरामालासुद्धा न थांबता. पण रोज सुरू करण्याआधी तो आदल्या दिवशीचं थोडक्यात सांगायचा, मालिकेत दाखवतात तसं. "काल काय झालं, तर अंबिकाने पोळ्यांच्या डब्यात चप्पल ठेवली." त्या थोडक्यात सांगण्यामुळे माझा धागा तुटेनासा झाला.

समोरच्या हीनाबेन हळूहळू यायला लागल्या. त्यांना मराठी वाचता येत नाही, समजतं सगळं. आधी दारात उभ्या राहून, मग खुर्चीवर, मग स्वतःच्या घरचा खाखरा घेऊन. मध्येच प्रदीपला थांबवायच्या. "एक मिनट प्रदीपभाई, ये बहू तो बहुत चालाक है."

दिवस बरे जाऊ लागले. कादंबरीतही बरं चाललं होतं. अंबिका तिच्या बहिणीबरोबर गोव्याला गेली. तिथे तिने समुद्रात पाय बुडवले, एका मासेवालीशी भांडण केलं आणि मग त्याच मासेवालीकडे जेवायला गेली आणि तिच्या मुलीच्या लग्नासाठी राहिली. प्रदीपचं वाचनही सुधारलं होतं. गोव्याच्या भागात तो चक्क थांबत होता, विचार करत होता, आवाज बदलत होता. मी गौरीला म्हटलंसुद्धा, "तुझे बाबा नाटकात जायला हवे होते."

मग एका रविवारी फिलू आली. आम्ही सगळे बसलो होतो, वाचन सुरू व्हायचं होतं. गौरी आतल्या खोलीत होती. फिलूने विचारलं, "कुठवर आलं? अंबिका मंडईत हरवते तो भाग झाला काय? मी तर रडले गो."

मंडई. मी आठवून बघितलं. बासुंदी आठवत होती, चप्पल आठवत होती, समुद्र आठवत होता. मंडई कुठेच नव्हती. म्हणजे एक अख्खं प्रकरण माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. मी म्हटलं, "हो हो, झाला तो." या आजारात माणूस "हो, आठवतंय" म्हणायला फार लवकर शिकतो. तोंडावर हसू ठेवायचं आणि आतल्या आत खाली खाली जायचं.

हीनाबेन म्हणाल्या, "कौनसी मंडी? अंबिका तो बहन के साथ गोवा गई है ने. अभी तो उधर मच्छीवाली के घर पे है."

फिलू बघतच राहिली. "गोवा? गोवा न्हाय त्या पुस्तकात. तिला बहीणपण न्हाय."

आम्ही तिघी प्रदीपकडे वळलो. तो पुस्तकात बघत होता.

"पान चुकलं असेल," तो म्हणाला.

*

आधी मला हसू आलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. मी विसरले नव्हते. मला सांगितलंच नव्हतं. लिफ्टवाल्या माझ्या नवऱ्याने मनाने गोवा रचला होता, बहीण रचली होती, मासेवाली रचली होती. हसू संपलं आणि राग आला.

फिलू आणि हीनाबेन चहा करायला आत गेल्या.

मी म्हटलं, "तुला कळतंय का काय केलंस? आत्ता फिलूने विचारलं तेव्हा मला वाटलं मी विसरले. माझं काय गेलंय आणि तू काय लपवलंयस, हे मला वेगळं कसं कळणार? माझ्या डोक्यावर माझाच भरवसा उरलेला नाही. तुझ्यावर होता."

"ती मंडईत हरवते," प्रदीप म्हणाला. "मुलगा सगळ्यांसमोर तिला ओरडतो. मग खानावळ बंद करतात, आणि कामावर जाताना तो बाहेरून कडी लावून जातो. मी आधी एकट्यानेच पुढचं चाळलं होतं. कडीपर्यंत आलो आणि वाचवेना."

"का? गोष्ट आहे ती."

त्याने हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "मागे एकदा दुपारी तू झोपली होतीस. फोन आला, एका बिल्डिंगमध्ये लिफ्टमध्ये बाई अडकलेली. गौरी नव्हती, हीनाबेन बाहेर गेलेल्या. मी बाहेरून कडी लावून गेलो. परत आलो तेव्हा तू झोपलेलीच होतीस. पण तिकडे ती बाई दार वाजवत होती आणि मला तूच दिसत होतीस."

मला ते माहीतच नव्हतं, पण ऐकल्यावर त्या बंद दाराच्या आत मी उभी राहिले. राग होता आणि त्याची दयाही येत होती. एवढं ओझं घेऊन तो रोज संध्याकाळी मासेवालीचा आवाज काढत होता.

"ऐक," मी म्हटलं. "अंबिकाची माणसं ताटं बदलून घेतात ते मला आवडलं होतं. तूही बदल. मी कुकर गॅसवर विसरले तर तू बंद कर, लगेच शिट्टी मारायची गरज नाही. पण मी विचारलं तर खरं सांगायचं. आणि उद्या कडी लावायची वेळ आलीच, तर मला सांगून लावायची. मी विसरले तर परत सांगायची. दर वेळी सांगायची."

तेव्हा आतलं दार उघडलं. गौरी उभी होती, हेडफोन गळ्यात. तिने सगळं ऐकलं होतं. बाबाच्या हातातून पुस्तक घेतलं आणि विचारलं, "कुठलं पान?"

मंडई आणि कडी, दोन्ही प्रकरणं तिने वाचून दाखवली. चहाचे कप घेऊन आलेल्या फिलू आणि हीनाबेन दारातच उभ्या राहून ऐकत होत्या. मी रडले. पण ते रडू त्या दिवसाआधीच्या माझ्या एकटीच्या रडण्यासारखं नव्हतं. अंबिकासाठी होतं, म्हणून मोकळं होतं.

आता आमच्या घराची एक किल्ली हीनाबेनकडे असते. कडीचा प्रश्न आला नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरीने सुट्टी घेतली आणि मला जेसल पार्कच्या खाडीकाठी फिरायला नेलं. चालता चालता म्हणाली, "आई, ते पुस्तक आलं त्याच आठवड्यात मी वाचून काढलं होतं. ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवर. शेवटपर्यंत."

"मग आमच्यात बसत का नव्हतीस?"

"तू अंबिकाकडे बघत होतीस. मी तिच्या मुलाकडे बघत होते. तो ओरडतो ना, तसं मलाही ओरडावंसं वाटतं कधीकधी." थोडं चालून ती म्हणाली, "आणि मला पण होईल का गं?"

हा प्रश्न मला सगळ्यात आधीपासून ठाऊक होता आणि मी तो कुणालाच विचारू दिला नव्हता. काल प्रदीपला मी खरं बोलायला सांगितलं होतं. मग आज मला बोलावंच लागलं. "माहीत नाही," मी म्हटलं. "आपण डॉक्टरला विचारू."

विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, कमी वयात हा आजार आला म्हणजे तो घराण्यातून आलाच असं नसतं, थोड्या घरांत तसं असतं. आमच्या घरात मागे कुणाला झाल्याचं माहीत नाही. हवं तर तपासता येतं, पण तपासायचं की नाही हे गौरीने, सावकाश, सगळं समजून घेऊन ठरवायचं. गौरीने सध्या नाही असं ठरवलंय. कधी तिला भीती वाटते, कधी मला. ज्या दिवशी वाटते त्या दिवशी एकमेकींना सांगतो. गंमत म्हणजे तेव्हापासून ती माझ्यावर बिनधास्त ओरडते. मीही ओरडते. घर पूर्वीसारखं वाटतं.

*

कादंबरी संपली त्या संध्याकाळी फिलू मुद्दाम उत्तनहून बस पकडून आली. वाचत प्रदीप होता. शेवटाला सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते, हे मला कळत होतं. शेवटी अंबिकाचा मुलगा तिला बंद पडलेल्या खानावळीत घेऊन जातो, चूल पेटवून देतो. अंबिका भाकरी थापते. हात चुकत नाहीत. मुलगा समोर बसतो. तो आपला मुलगा आहे हे तिला कळत नाही, पण भुकेलेला माणूस समोर आलाय हे कळतं, आणि ती त्याला पोटभर वाढते. संपलं.

फिलूने रुमाल काढला होता.

"काय गो?" तिने मला विचारलं. "देऊ नको होतं काय मी तुला हे?"

मी खरंच विचार केला. "एक तक्रार आहे," मी म्हटलं. "एवढ्या मोठ्या पुस्तकात अंबिका एकदाही पोट धरून हसत नाही. ते चूक आहे. आपल्या घरात हसायला किती येतं. बाकी शेवट मला वाईट नाही वाटला. मला वाटलं होतं शेवटी ती उरणारच नाही. ती आहे की. पोरगा जेवला की."

प्रदीपने पुस्तक मिटलं. हीनाबेन मात्र बेचैन होत्या. त्यांनी खाखऱ्याचा डबा बंद केला, परत उघडला आणि शेवटी म्हणाल्या, "वो सब ठीक है. लेकिन गोवा का क्या हुआ? वो मच्छीवाली की बेटी की शादी थी ने?"

प्रदीप लाजला. चोरी पकडल्यासारखा माझ्याकडे बघायला लागला.

"बघतोस काय," मी म्हटलं. "लग्न लावून टाक त्या पोरीचं."

प्रदीपने लगेच रचलेल्या त्या लग्नात अंबिका पंगतीत वाढायला उभी राहिली आणि नवरदेवाकडच्या लोकांना दोनदा मिठाई वाढून गेली, तेव्हा फिलू इतकी हसली की तिचा रुमाल परत निघाला.

आता मागचं बरंच माझ्याकडे राहत नाही. कादंबरीतलं तर फारच थोडं उरलंय. म्हणून आम्ही ती पुन्हा सुरू केलीय. मला नवी असते, प्रदीपला पाठ झालीय, हीनाबेन पुढचं माहीत असून तोंडावर हात ठेवून बसतात. कालच अंबिकाने कुणाला तरी चुकीचं ताट वाढलं आणि मला तिची काळजी वाटायला लागली. मी विचारलं, "पुढे काय होतं रे तिचं?"

प्रदीपने पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं. "खरं सांगू की माझं?"

"आधी खरं," मी म्हटलं. "मग तुझं."